प्लेगचे क्रूस : संकटात सापडलेल्या मुंबईसाठी मागितलेली प्रार्थना

१/ वांद्र्याच्या रानवार किंवा चिंबईसारख्या जुन्या वस्त्या, माझगावची माथारपाखाडी, गिरगावची खोताची वाडी. या भागांतून चालताना थोड्या थोड्या अंतरावर एखादा क्रूस दिसतो. तो चर्चच्या आवारात नसतो. गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या वळणावर, दोन घरांच्या मधल्या जागेत तो उभा असतो. पायथ्याशी मेणबत्तीचे ओघळ, गळ्यात झेंडूचा हार. यांतल्या अनेकांना स्थानिक लोक ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात. हा थ्रेड त्यांच्या इतिहासाचा.

२/ जुन्नर-आंबेगावकडच्या वाचकांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. आपल्या गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे असते. पटकी, देवी, गाठीचा ताप अशा साथी गावात शिरू नयेत म्हणून वेशीवरच तिला साकडे घातले जाई. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांनी वस्तीच्या तोंडाशी क्रूस उभारले, त्यामागची भावना याच जातीची होती. खुद्द वांद्र्याच्या तलावाजवळही जरीमरी आईचे देऊळ आहे. साथ एकच, वस्तीही एकच, साकडे घालण्याच्या रीती दोन.

३/ प्रथम काळ लक्षात घेऊ. सप्टेंबर १८९६. मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात धान्याची गोदामे, दाटीवाटीच्या चाळी आणि तुंबलेली गटारे होती. तेथे लोक तीव्र तापाने दोन-चार दिवसांत मरू लागले. जांघेत आणि काखेत गाठी येत. २३ सप्टेंबरच्या सुमारास एका डॉक्टरने स्पष्ट निदान केले : हा ब्युबॉनिक प्लेग आहे. त्या डॉक्टरचे नाव अकासियो गॅब्रिएल व्हिएगस.

४/ डॉ. व्हिएगस मूळचे गोव्यातील हडफड्याचे, कॅथलिक ख्रिस्ती, ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी आणि महापालिकेचे सभासद. बंदराच्या शहरात ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते. व्यापार थांबणार, जहाजे अडणार, हे सर्वांना दिसत होते. तरी त्यांनी तो उच्चारला. धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ‘प्रार्थना की औषध?’ हा प्रश्न येणार आहे.

५/ पुढील काही महिन्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. स्टेशने आणि बंदरे माणसांनी भरून गेली. १८९७च्या फेब्रुवारीपर्यंत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली होती. शिरगणतीचे आकडे बोलके आहेत. १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली. वाढत्या गिरण्यांच्या आणि वाढत्या बंदराच्या या शहरात दहा वर्षांनी माणसे कमी भरली.

६/ जे गेले ते कोठे गेले? गिरणीतला कोकणी माणूस कोकणात गेला. गोदामातला घाटावरचा हमाल घाट चढून आपल्या गावी परतला. मुंबई हे त्यांचे पोट होते, गाव दुसरीकडे होते. (रोगही त्यांच्या वाटेनेच, रेल्वेने आणि गलबतांनी, देशभर पसरला.) परंतु ज्यांचे गावच मुंबई होते, त्यांनी कोठे जायचे?

७/ असा एक समाज म्हणजे ईस्ट इंडियन ख्रिस्ती. मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातील हे मूळ रहिवासी. सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमदानीत, येथल्या कोळी, भंडारी, कुणबी, आगरी अशा अनेक जातींतील लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण भाषा मराठीच राहिली. त्यांच्या घरात आजही मराठीचीच एक बोली नांदते. भातशेती, मासेमारी आणि ताडी हे त्यांचे जुने व्यवसाय.

८/ ‘ईस्ट इंडियन’ हे नाव मात्र अलीकडचे, १८८७ सालचे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या समाजाने आपली संघटना स्थापन केली आणि हे नाव धारण केले. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवणे, आपण येथलेच आहोत हे सांगणे, हा त्यामागचा हेतू. नाव इंग्रजी, दावा अस्सल स्थानिक. त्यानंतर नऊ वर्षांनी प्लेग आला.

९/ क्रूस उभारण्याची प्रथा प्लेगपेक्षा जुनी आहे, हे येथे नोंदवायला हवे. काही क्रूस पोर्तुगीज काळातील आहेत. माथारपाखाडीतील प्रसिद्ध क्रूसावर १८७० हे साल आहे. म्हणजे रस्त्यावरचा प्रत्येक क्रूस प्लेगचा नव्हे. परंतु १८९६ नंतरच्या दहाएक वर्षांत वस्त्यावस्त्यांतून नव्याने क्रूस उभे राहिले आणि जुन्या क्रूसांना नवा अर्थ मिळाला. ‘साथीपासून राखणारा’ हा तो अर्थ.

१०/ हे क्रूस चर्चच्या बाहेर का? एक कारण समाजाच्या आठवणीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. संसर्गाच्या भीतीने बंद जागेत गर्दी करणे टाळले जाई. मग लोक आपापल्या गल्लीतच, मोकळ्या हवेत, संध्याकाळी क्रूसाभोवती जमू लागले. दुसरे कारण वस्तीच्या रचनेत आहे. पाखाडी ही एक कुटुंबांची साखळी असते. तिचे दुःख तिच्या दारातच मांडले जाते.

११/ या प्रार्थनेचे स्वरूप साधे होते. जपमाळ म्हटली जाई, मग लादीन, म्हणजे संतांच्या आणि मरियामातेच्या नावांची गात म्हटलेली मालिका. प्रत्येक नावानंतर जमलेले सर्वजण एका सुरात विनवणी करतात. प्लेगच्या संदर्भात दोन संतांचा धावा विशेष केला जातो, सेंट सबॅस्टियन आणि सेंट रोक. युरोपात मध्ययुगापासून हे दोघे साथीच्या रोगांतील रक्षणकर्ते मानले जातात. लादीन संपल्यावर उकडलेले चणे वाटायचे, ही रीत आजही टिकून आहे.

१२/ संकटग्रस्त नगरासाठी प्रार्थना ही ख्रिस्ती परंपरेत फार जुनी गोष्ट आहे. तिचे एक मूळ ज्यू धर्मग्रंथात सापडते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी बाबेलच्या राजाने यरुशलेममधील लोकांना धरून नेले. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याने त्या निर्वासितांना एक पत्र पाठवले. आशय असा की, परक्या नगराशी वैर धरून बसू नये, तेथेच संसार थाटावा आणि त्या नगराचे कल्याण देवाकडे मागावे. त्याच्या सुखात आपलेही सुख असते.

१३/ युरोपातील शहरांनी या परंपरेला दगडी रूप दिले. १६३०च्या प्लेगमध्ये व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी नवस बोलला. त्यातून सांता मारिया देल्ला सालूते हे भव्य चर्च उभे राहिले. व्हिएन्नात सम्राटाने प्लेगचा स्तंभ उभारला. मुंबईतील चित्र याच्या उलट आहे. येथे नवस बोलणारा राजा नव्हता. कोणा कुटुंबाने, कोणा गल्लीने आपल्या ऐपतीप्रमाणे एक क्रूस उभा केला. म्हणूनच ते लहान आहेत, आणि म्हणूनच इतके आहेत.

१४/ राजसत्ता त्या वेळी काय करत होती? कार्बोलिक आणि समुद्राच्या पाण्याने गटारे धुतली जात होती. उजेड यावा म्हणून घरांची छपरे उतरवली जात होती, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा केल्या जात होत्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार जाहीर झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू करण्यात आला.

१५/ रुग्णालय म्हणजे मरणाचे दार, अशी लोकांची खात्री झाली होती. तेथे नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. जातीपातीचे, पडद्याचे, अंत्यविधीचे कोणतेच भान पाळले जात नसे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. या वातावरणात गल्लीतला क्रूस काय देत होता, हे कळते. मेलेल्याचे नाव मोठ्याने घेण्याची एक जागा, आणि जिवंत उरलेल्यांना एकमेकांची सोबत.

१६/ आता तो प्रश्न : प्रार्थना की औषध? प्लेगच्या इतिहासात ही विभागणी टिकत नाही. निदान करणारे व्हिएगस कॅथलिक होते. प्लेगच्या रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्यांत ख्रिस्ती नन होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन ज्यू होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांना. संध्याकाळी क्रूसापुढे गुडघे टेकणारा माणूस सकाळी लस घेऊ शकत होता.

१७/ तसेच, संकटात माणसांच्या मदतीला धावून जाणे ही कोणा एका धर्माची मिरासदारी नव्हती. पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णांसाठी दवाखाना उघडला. त्यांच्या आई सावित्रीबाई फुले मुंढव्यातील एका आजारी मुलाला स्वतः घेऊन तेथे आल्या. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सत्यशोधकांचा मार्ग वेगळा, पण शहर सोडून न जाण्याचा निर्धार तोच.

१८/ पुण्याचा उल्लेख झाला म्हणून तेथील एका ख्रिस्ती स्त्रीकडे वळू. कारण तिने प्रार्थनेला तक्रारीची जोड दिली. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. तेथील निराधार मुली त्या पुण्यात आणू लागल्या, त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला.

१९/ मार्च १८९७ पासून पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचा अंमल सुरू झाला. गोरे सोजीर घरात शिरून तपासणी करत. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहिले. पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावणीत स्त्रिया सुरक्षित नाहीत, असा त्यांचा आरोप होता. स्वतःच्या आश्रमातील एका मुलीचे उदाहरण त्यांनी दिले. ही बाब ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ फेटाळले.

२०/ येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. राज्यकर्त्यांचा धर्म ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. त्या गप्प राहतील, अशी अपेक्षा सरकारला असणे स्वाभाविक होते. त्या गप्प राहिल्या नाहीत. शहराचे कल्याण देवाकडे मागणारी व्यक्ती शहरातील अन्यायाबद्दल सरकारला जाब विचारते, तेव्हा तिच्या प्रार्थनेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्याच्या आदल्याच महिन्यातील हे पत्र आहे.

२१/ प्लेगच्या काळात इतक्या मुलींना शहरात एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग रमाबाई मुलींना घेऊन पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावला गेल्या. तेथे त्यांनी आधीच जमीन घेतलेली होती. सुरुवातीस तंबू आणि झोपड्या, नंतर विहिरी, शेते, शाळा, छापखाना. ‘मुक्ती’ या नावाने ती संस्था दौंड तालुक्यात आजही उभी आहे. प्लेगने शहराबाहेर काढलेल्या मुलींचे ते गाव झाले.

२२/ आता सर्वांत अवघड प्रश्न. प्रार्थना सफळ झाली का? साथ थांबली नाही. १८९७ नंतर जवळजवळ दर हिवाळ्यात प्लेग परत येत राहिला. पुढील काही दशकांत देशात १ कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. क्रूसाने पिसू अडवली नाही. कार्बोलिकनेही अडवली नव्हती.

२३/ मग ‘क्रूसामुळे आमची गल्ली वाचली’ या आख्यायिकांचे काय करायचे? इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांना पुरावा मानू नये आणि त्यांची टवाळीही करू नये. त्या आख्यायिका रोगाबद्दल काही सांगत नाहीत, वाचलेल्या माणसांबद्दल सांगतात. घरातले दोघे-तिघे गेल्यावर उरलेल्याने ‘मी का वाचलो?’ या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. दगडात कोरलेले साल म्हणजे त्या उत्तराखालची तारीख.

२४/ यिर्मयाच्या पत्राशी तुलना केली की मुंबईच्या प्रार्थनेचे वेगळेपण उठून दिसते. बाबेलमधील लोक परक्या नगरासाठी प्रार्थना करणारे निर्वासित होते. मुंबईचे ईस्ट इंडियन हे आपल्याच भूमीत हळूहळू अल्पसंख्य होत चाललेले मूळ रहिवासी. भोवती गिरण्या, गोद्या, चाळी वाढत होत्या आणि भातशेते नाहीशी होत होती. ज्या शहराने त्यांचे गाव गिळले, त्याच शहराच्या आरोग्यासाठी ते रस्त्यात उभे राहून विनवणी करत होते. कारण दुसरे गाव नव्हतेच.

२५/ प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते काढले, जुन्या वस्त्या पाडल्या. त्यातील एका मोठ्या रस्त्यास सँडहर्स्ट यांचे नाव मिळाले, तेच गव्हर्नर ज्यांनी रमाबाईंचे पत्र फेटाळले होते. एका रेल्वे स्थानकालाही ते नाव मिळाले. साम्राज्याने प्लेगची स्मृती रस्त्यांच्या नावांत ठेवली. सामान्य माणसांनी ती गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवली.

२६/ ती दुसरी स्मृती आता धोक्यात आहे. गावठाणांत बंगल्यांच्या जागी इमारती येत आहेत, रस्ते रुंद होत आहेत. एप्रिल २०१७ मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरील एक जुना क्रूस महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडला. त्यावर ख्रिस्ती रहिवाशांनी तीव्र निषेध नोंदवला. रस्त्यात अडथळा आणणाऱ्या धार्मिक बांधकामांचा प्रश्न खराच आहे. परंतु रातोरात उगवलेले बांधकाम आणि शंभर वर्षांपूर्वीच्या साथीची साक्ष देणारा दगड यांत फरक करण्यासाठी आधी त्या दगडाची नोंद झालेली असावी लागते.

२७/ मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, तेव्हा या क्रूसांची अनेकांना नव्याने आठवण झाली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी बंद दारांवर शोधलेला उपाय रस्त्यावर उभाच होता. दरवर्षी मे महिन्यात आजही वांद्रे, माझगाव, गिरगावच्या क्रूसांना रंग दिला जातो, हार चढतात, संध्याकाळी लादीन होते. शेजारचे हिंदू, पारशी, मुसलमानही थांबून हात जोडतात. चणे सर्वांना मिळतात.

२८/ मुंबईला गेलात तर एखाद्या क्रूसाच्या चौथऱ्यावरचे साल अवश्य वाचा. आणि त्याआधी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, प्लेगात आपले गाव कोठे जाऊन राहिले होते? घाटमाथ्यावरच्या कितीतरी गावांनी त्या वर्षांत वेस सोडून रानात खोपटी बांधली होती. मरीआईचे ठाणे कोणी बांधले, केव्हा बांधले, हेही विचारा. उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. अशा प्रार्थनांची दप्तरे नसतात, त्या माणसांच्या आठवणीत आणि दगडांवरच राहतात.

थ्रेड समाप्त.